थंड पाण्याचा तापट कारभार

कॉम्प्युटर हे वीज घेऊन उष्णता देणारे यंत्र आहे. मधल्या मधे ते आपली थोडीफार कामेही करून देते, हा त्याचा चांगुलपणा. इंटेलचा 2022 सालचा कोअर आय-9 13900के हा प्रोसेसर पुऱ्या जोमात आला की 253 वॉटपर्यंत वीज खातो आणि ती सगळी अडीचशेएक चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून उष्णता होऊन बाहेर पडते. त्या विजेवर कोणी मॉन्सूनचा अंदाज काढला, की कोणी रात्रभर खोट्या बंदुकीने खोटी माणसे मारली, याच्याशी उष्णतेला काही कर्तव्य नसते. तिला फक्त बाहेर पडायचे असते. वाट मिळाली नाही तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर सरळ बंद पडतो.

तिला वाट काढून देण्याचे दोन सभ्य मार्ग आहेत. पहिला मार्ग पंख्याचा. दुसरा पाण्याचा: प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पंपाने पाणी फिरवायचे आणि ते पाणी पंखे लावलेल्या रेडिएटरमधून नेऊन निववायचे. दोन्ही मार्गांची शेवटची पायरी एकच. खोलीत 32 अंश असतील तर पाणी 32 च्या खाली जात नाही. रेडिएटर कितीही मोठा आणा, पंखे कितीही लावा, पंख्यांत रंगीबेरंगी दिवे कितीही पेटवा. पाणी खोलीच्या तापमानाच्या जवळ येते आणि तिथेच थांबते.

सामान्य माणसाला ही अट जाचत नाही. प्रोसेसर 70 अंशांवर असला काय आणि 60 वर असला काय, विजेचे बिल दोन्ही तापमानांत ऑनलाइन भरता येते. पण ओव्हरक्लॉकर नावाचा एक पंथ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाने प्रोसेसर चालवणे या पंथात कमीपणाचे मानले जाते. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते, व्होल्टेज वाढले की उष्णता भराभर चढते, आणि सिलिकॉन जितके गार तितके ते चढ्या वेगाला टिकून राहते. त्यामुळे या पंथातल्या माणसाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच येतो: पाणी खोलीपेक्षा गार केले तर?

घरच्यांचे दिवस फिरतात ते इथून.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळते. 40 मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद, जेमतेम चार मिलिमीटर जाड अशी पांढरी सिरॅमिकची वडी असते आणि तिच्या कडेतून एक लाल व एक काळी वायर बाहेर आलेली असते. तिचे नाव टीईसी1-12706. यातले 127 म्हणजे आतल्या अर्धवाहकांच्या जोड्या आणि 06 म्हणजे सहा अँपिअर. बोलताना सगळे तिला नुसते ‘पेल्टियर’ म्हणतात. तिला 12 व्होल्ट दिले की काही सेकंदांत एक बाजू बर्फगार होते आणि दुसरी चटका देते. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही. वायरी उलट्या जोडल्या तर गार बाजू गरम आणि गरम बाजू गार. इतके निर्दोष यंत्र इतक्या कमी पैशांत मिळते आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकाला संशय यायला हवा. त्याला तो येत नाही. तो चार घेतो.

ही करामत आजची नाही. 1821 साली टोमास योहान झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंचे कडे केले, त्यातला एक सांधा तापवला, तेव्हा शेजारची चुंबकसुई हलली. उष्णतेतून चुंबकत्व निर्माण होते असा निष्कर्ष त्याने काढला. ही चुंबकाची नव्हे, विजेची करणी आहे, असे डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने सांगून पाहिले. पण झेबेकने आपला हेका सोडला नाही. पुढे 1834 साली जाँ शार्ल पेल्टियर या फ्रेंच गृहस्थाने उलटा प्रयोग केला. हा मूळचा घड्याळजी. तिशीच्या आसपास घड्याळांचा धंदा सोडून विज्ञानाच्या नादी लागला होता. त्याने सांध्यांतून वीज सोडली, तर एक सांधा तापला आणि दुसरा निवला. आपल्या हाती नेमके काय लागले आहे हे त्यालाही पुरते उमगले नव्हते. ते 1838 साली एमिल लेंत्स या भौतिकशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये सिद्ध केले. बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर त्याने पाण्याचा थेंब ठेवला आणि वीज सोडून तो गोठवला. मग विजेची दिशा उलटी केली, तर थेंब वितळला.

पेल्टियरने पाणी गार करण्याचा हा इतिहासातला गाजलेला यशस्वी प्रयोग. त्यात पाणी एक थेंब होते, हा तपशील पुढच्या लोकांनी नीट वाचला नाही.

त्यानंतर शंभरएक वर्षे या शोधाचा थंडाव्यासाठी फारसा उपयोग झाला नाही, कारण धातू स्वतःच उष्णता इकडून तिकडे वाहून नेतात. विजेने मिळवलेला गारवा ते मागच्या दाराने परत करून टाकतात. चित्र बदलले ते अर्धवाहक आल्यावर. सोव्हिएत संघात भौतिकशास्त्रज्ञ अब्राम इयोफे यांनी या विषयाला वाहूनच घेतले होते. त्या काळात तिकडे रॉकेलच्या कंदिलावर बसवायचे औष्णिक-विद्युत जनित्र निघाले. कंदिलाच्या धगीवर वीज तयार होई आणि तिच्यावर रेडिओ चाले, म्हणजे वीज न पोचलेल्या खेड्यातही मॉस्कोचे भाषण पोचे. 1954 साली ब्रिटनमध्ये गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड हा पदार्थ पुढे आणला, आणि लॅमिंग्टन रोडच्या वडीत आजही तोच असतो. तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांना वाटले की आता फ्रिजमधला घुरघुरणारा कॉम्प्रेसर गेला. कॉम्प्रेसर अजून घुरघुरतो आहे. त्याचे कारण हिशेबात आहे.

पेल्टियर उष्णता नाहीशी करत नाही. तो ती एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो आणि या हमालीसाठी जी वीज घेतो, तीही उष्णता करून त्याच दुसऱ्या बाजूला ओततो. आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्यासाठी गडी ठेवावा, आणि त्याने एक टोपली केर लोटताना दोन टोपल्या स्वतःच्या घरून आणून टाकाव्यात, असा हा व्यवहार आहे. समजा पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनी गार हवे आहे. गरम बाजूचा रेडिएटर खोलीपेक्षा गरम राहणारच; म्हणजे वडीच्या दोन बाजूंत तिसेक अंशांचा फरक पडतो. एवढ्या फरकाला ही वडी प्रत्येक वॉट उष्णता उचलायला साधारण दोन वॉट वीज मागते. प्रोसेसरचे 200 वॉट उचलायचे तर 400 वॉट वीज. गरम बाजूला पडले 600. घरातला कॉम्प्रेसरचा एसी एका वॉट विजेत तीनेक वॉट उष्णता बाहेर फेकतो आणि त्याबद्दल कोणी त्याचे कौतुकही करत नाही.

वडीच्या माहितीपत्रकात हे लपवलेले असते असे नाही. तिथे दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक, जास्तीत जास्त 50 ते 60 वॉट उष्णता उचलते. दोन, जास्तीत जास्त 65 ते 70 अंशांचा फरक पाडते. दोन्ही खरे आहेत. फक्त ते एका वेळी खरे नसतात. 60 वॉट उचलते तेव्हा दोन बाजूंतला फरक शून्य असतो, आणि फरक 70 अंशांवर पोचतो तेव्हा ती एकही वॉट उचलत नसते. विकत घेणारा मात्र पहिल्या आकड्यातले वॉट आणि दुसऱ्या आकड्यातले अंश एकत्र करून मनातल्या मनात प्रोसेसरवर हिमालय उभा करतो.

तरीही या छंदाचा एक सुवर्णकाळ होऊन गेला. 1998 साली इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. ठरलेला वेग 300 मेगाहर्ट्झ. मदरबोर्डच्या बसचा वेग 66 वरून 100 केला की हा गरीब बिचारा प्रोसेसर बहुतेक वेळा निमूटपणे 450 मेगाहर्ट्झवर धावू लागे आणि कितीतरी महागड्या पेंटियम टूच्या मांडीला मांडी लावून बसे. त्याची मूळची उष्णता 20 वॉटच्याही आत. एवढी उष्णता पेल्टियरच्या आवाक्यातली होती. वडी थेट प्रोसेसरवर बसवायची, वर मोठा हीटसिंक आणि पंखा ठेवायचा, की प्रोसेसर खोलीपेक्षा गार. फुकटचा वेग, वर बर्फ. एका पिढीचे संस्कार त्या प्रोसेसरने बिघडवले.

पुढच्या काही वर्षांत प्रोसेसर 70 वॉटवर गेले, मग शंभरी ओलांडली. वडी तीच राहिली. थेट बसवण्यात आणखी एक धोका होता. पेल्टियरची वीज गेली की तो गारवा देणे थांबवतो, एवढेच नव्हे तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधे सिरॅमिकची भिंत होऊन बसतो. गरम बाजूचा पंखा अडकला तर कठीणच. अनेक वड्यांच्या आतले डाग 138 अंशांना वितळणाऱ्या बिस्मथ-कथिलाच्या मिश्रणाने लावलेले असतात. म्हणून जाणत्यांनी सुचवले की वडी प्रोसेसरवर ठेवूच नका. तिने पाणी गार करा आणि ते गार पाणी प्रोसेसरकडे पाठवा.

कल्पना शहाणपणाची होती. तिच्यातून जे उभे राहते ते मात्र टेबलावर मावत नाही. मघाचे 200 वॉट उचलायला 12706 च्या आठ-दहा वड्या लागतात. त्यांच्या एका बाजूला गार पाण्याचा ठोकळा. दुसऱ्या बाजूला गरम पाण्याचा ठोकळा, कारण ते 600 वॉट साध्या हीटसिंकने आवरत नाहीत. गार पाण्याला एक पंप, गरम पाण्याला दुसरा. वड्यांना 12 व्होल्टवर तिसाहून जास्त अँपिअर करंट लागतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, तो देता देता रडकुंडीला येतो, म्हणून शेजारी दुसरा एसएमपीएस. प्रोसेसर गार करायला पाणी, पाणी गार करायला पेल्टियर, पेल्टियर गार करायला पुन्हा पाणी, आणि ते पाणी गार करायला मूळच्या तिप्पट उष्णता झेपेल असा रेडिएटर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोत्याला टेकू द्यायला आणखी एक टेबल लागते.

नवख्या हौशाची एक चूक ठरलेली असते. आधीचा रेडिएटर कशाला फुकट घालवायचा, म्हणून तो त्याला गार पाण्याच्याच मार्गात ठेवतो. दोघे मिळून जास्त गार करतील असा त्याचा हिशेब. रेडिएटरला पक्षपात माहीत नसतो. पाणी खोलीपेक्षा गरम असले की तो पाण्याची उष्णता खोलीला देतो. पाणी खोलीपेक्षा गार झाले की खोलीची उष्णता पाण्याला देतो. पेल्टियर 400 वॉट जाळून पाणी गार करतो आहे आणि पलीकडे दिवे लावलेले तीन पंखे त्याच पाण्यात इमानेइतबारे खोलीची गरमी भरत आहेत, असे दृश्य मग त्या घरात तयार होते.

अनुभवी माणसे वेगळे करतात. ती वड्या दुप्पट घेतात आणि प्रत्येकीला 12 ऐवजी सहा-सात व्होल्टच देतात. करंट कमी ठेवला की वडीची स्वतःची उष्णता वेगाने घटते आणि हिशेब पुष्कळ सुधारतो. म्हणजे पेल्टियर चांगला चालवायचा तर त्याला फार काम सांगायचे नाही. सरकारी खात्यांचा अनुभव असलेल्यांना हे तत्त्व चटकन पटते.

एवढे सगळे जमले, पाणी खोलीच्या खाली उतरले, की हवा मधे पडते. हवेत वाफ असते, आणि एखादा पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की ती त्याच्यावर पाणी होऊन बसते. मुंबईत जुलैमध्ये खोलीत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून वड्या आणणाऱ्या मुंबईकर हौशाला पावसाळ्यात गारव्याचे स्वातंत्र्य चार अंशांचे. पाचव्या अंशाला पाइपला घाम फुटतो आणि तो घाम मदरबोर्डवर टपकतो. पुण्यात जानेवारीच्या दुपारी 25 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सहा अंशांच्या जवळ उतरतो आणि पुणेकराला जवळजवळ 19 अंशांची मुभा मिळते. आपल्या हवेबद्दल पुणेकर जे काही सांगत असतात त्याला निदान या एका बाबतीत आकड्यांचा आधार आहे.

दवाशी लढण्याची जी सामग्री ओव्हरक्लॉकर मंडळी वापरतात ती कॉम्प्युटरच्या दुकानात मिळत नाही. पाइपांना काळ्या रबरी फोमचे वेष्टन. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती चित्रकारांचे मळून मऊ होणारे खोडरबर. मदरबोर्डच्या उघड्या भागांवर नेलपॉलिशचा हात. कोणी तर सगळा मदरबोर्ड व्हॅसलीनने माखतो. हौसेला मोल नसते हे खरे. पण नेलपॉलिशला असते, आणि ती कोणाची होती यावरून घरात चर्चाही होते.

यावर बुद्धिमान हौशी एक उपाय काढतो. खोलीत एसी लावायचा. एसी हवेतली वाफ पाणी करून बाहेर टाकतो, दवबिंदू उतरतो, पाणी आणखी गार करता येते. उपाय अचूक आहे. फक्त आता प्रोसेसरची उष्णता पेल्टियर उचलतो, पेल्टियरची पाणी, पाण्याची रेडिएटर, रेडिएटरची खोली, खोलीची एसी, आणि एसीचे बाहेरचे यंत्र ती सगळी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सोडते. नुसत्या पेल्टियरचे 400 वॉट रोज सहा तास धरले तरी महिन्याला 72 युनिट होतात, आणि महावितरणच्या बिलात 100 व 300 युनिटांचे जे टप्पे असतात त्यांतला एखादा ओलांडायला तेवढे पुष्कळदा पुरतात. बदल्यात प्रोसेसरला मिळतात शे-दोनशे मेगाहर्ट्झ. चार आण्याची कोंबडी असते, मसाल्याचे बिल हप्त्याने येते.

इतके झाल्यावर एखाद्याला सुचते की एसी आहेच, तर पाणी त्यानेच गार का करू नये? हेही लोकांनी करून पाहिले आहे. जुना विंडो एसी सोडवून त्याची गार होणारी जाळी पाण्याच्या पेटीत बुडवायची आणि ते पाणी कॉम्प्युटरला द्यायचे. दिसायला भयानक, पण तेवढ्याच विजेत पेल्टियरच्या पाचसहापट काम. ज्यांना सुतारकामाची हौस नाही ते मत्स्यालयासाठी मिळणारा कॉम्प्रेसरचा चिलर आणतात. जून 2018 मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने 28 कोअरचा प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झवर पळवून दाखवला आणि सभागृह थक्क झाले. नंतर पत्रकारांना कळले की टेबलाआड एक अश्वशक्तीचा, मत्स्यालयवाल्यांच्या ओळखीचा चिलर जोडलेला होता. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला होता हे सांगायचे राहून गेले, असा खुलासा कंपनीकडून आला. जगातल्या सर्वांत मोठ्या चिप कंपन्यांपैकी एकीला पाणी खोलीपेक्षा गार करायची वेळ आली, तेव्हा तिने पेल्टियरकडे ढुंकूनही पाहिले नाही. माशांचे यंत्र आणले.

मात्र कंपन्यांनी पेल्टियरच्या वाटेला कधीच जाऊ नये इतके शहाणपण बाजारात नसते. कॅनडातल्या कॅलगरीच्या कूलआयटी या कंपनीने 2006 च्या सुमारास फ्रीझोन नावाचा तयार संच काढला. पेल्टियर, पाणी, पंप, पंखा सगळे एकत्र. तिचेच तंत्र घेऊन डेलने आपल्या एक्सपीएस 710 या महागड्या कॉम्प्युटरची एच2सी आवृत्ती विकली. 2009 मध्ये कूलर मास्टरने पेल्टियर बसवलेला व्ही10 आणला. त्याला दहा हीटपाइप आणि वजन किलोभराहून जास्त. तो उभ्या मदरबोर्डवर टांगताना लोक प्रोसेसरच्या तापमानापेक्षा मदरबोर्डच्या पाठीची काळजी करत. कूलआयटीने पुढे पेल्टियर सोडून दिला, साध्या पाण्याची वाट धरली, आणि आज ती डेटा सेंटरमधल्या सर्व्हरना पाण्याने निववते. व्यवसाय उत्तम चालला आहे.

मग 2020 साली खुद्द इंटेल या वाटेला आली. क्रायो कूलिंग असे तंत्राचे नाव. प्रोसेसरवर पेल्टियर, त्यावर वॉटर ब्लॉक, त्याला वेगळा पॉवर कनेक्टर, आणि हवेतली आर्द्रता मोजून दवबिंदूच्या जरा वरच थांबणारे सॉफ्टवेअर. म्हणजे नेलपॉलिशचे काम आता प्रोग्राम करणार होता. कूलर मास्टर आणि स्लोव्हेनियाची ईकेडब्ल्यूबी या कंपन्यांनी त्यावर बेतलेले कूलर काढले. ज्या प्रोसेसरसाठी हे सगळे होते त्या दहाव्या पिढीतला 10900के जोरात आला की 250 वॉटपर्यंत जात असे. परीक्षकांनी लावून पाहिले. कॉम्प्युटर हलके काम करत असताना, म्हणजे गारव्याची फारशी गरज नसताना, प्रोसेसर सुंदर गार राही. सगळ्या कोअरवर ओझे पडले, म्हणजे गारव्याची खरी गरज आली, की पेल्टियरची ताकद संपे आणि शेजारचा स्वस्त साधा वॉटर कूलर त्याच्या बरोबरीला येई. 2023 मध्ये इंटेलने हे तंत्र बंद केल्याचे जाहीर केले. ते सॉफ्टवेअर फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरवर चाले, त्यामुळे तो कूलर घेतलेल्यांकडे आता तांब्याचा एक वजनदार ऐवज आहे.

यावरून पेल्टियर नालायक ठरतो असे कोणाला वाटेल. तसे अजिबात नाही. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआर चाचणीच्या निकालाची सगळा देश वाट पाहत होता, तिच्या यंत्रात नमुना क्षणात 95 अंशांवर आणि क्षणात 60 वर नेण्याचे काम बहुतेक ठिकाणी हाच पेल्टियर करत होता. विजेची दिशा फिरवली की गरमचे गार, लेंत्सच्या थेंबापासून चालत आलेला गुण. ऑप्टिकल फायबरवरून इंटरनेट पाठवणारे लेसर एका ठरावीक तापमानावर स्थिर धरायला तो लागतो. दुर्बिणीला लावायच्या कॅमेऱ्याचा सेन्सर शून्याखाली ठेवायला लागतो. झेबेकचे काम तर आणखी लांब गेले: 1977 साली निघालेली दोन्ही व्हॉयेजर याने प्लुटोनियमच्या उष्णतेपासून याच तत्त्वाने वीज बनवतात. निघताना प्रत्येक यानाला साधारण 470 वॉट मिळत होते. आंतरतारकीय अवकाशातून पृथ्वीशी बोलायला ते पुरले. एका गेमरच्या प्रोसेसरचे पाणी गार करायला जेमतेम पुरले असते.

सगळीकडे सूत्र एकच दिसते. उष्णता थोडी असेल, जागा कमी असेल, तापमान नेमके धरायचे असेल आणि विजेचे बिल दुसरे कोणी भरणार असेल, तिथे पेल्टियर अजोड आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याला बोलावले ते यातली एकही अट पाळता येत नसताना. तरी ते बोलावत राहतात, कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा कमी दाखवणारा आकडा दिसला की होणारा आनंद मोठा असतो. प्रोसेसर त्या वेळी काहीच करत नसतो ही गोष्ट निराळी. काम सुरू केले तर आकडा चढेल, म्हणून पुष्कळ हौशी काम सुरू करत नाहीत. फोटो काढून ठेवतात.

अलीकडे मात्र पेल्टियरला त्याच्या मापाचे काम सापडले आहे. मोबाइलवर तासन् तास गेम खेळणाऱ्यांचा फोन तापतो आणि तापला की अडखळू लागतो. फोनची उष्णता काही वॉटचीच, सेलेरॉन 300ए पेक्षाही कमी. 2021 मध्ये रेझर कंपनीने फोनच्या पाठीला चिकटवायचा पेल्टियरचा कूलर काढला, इतरांचेही आले, आणि आता तशी स्वस्त चिमटेवजा यंत्रे मोबाइलच्या दुकानांत टांगलेली दिसतात. ती चांगली चालतात. पंखा गुणगुणतो, दिवे लुकलुकतात, फोनची पाठ गारेगार होते. पावसाळ्यात पाठीवर दव धरते, पण गेममध्ये कोणी मागून गोळ्या झाडत असताना तिकडे लक्ष देण्याइतकी फुरसत नसते. वीज फोनमधून घ्यायची नसते, नाहीतर बॅटरी तापते. म्हणून कूलरची वायर पॉवर बँकेत जाते आणि पॉवर बँक खिशात. आठवड्याभरात गिऱ्हाईक परत त्याच दुकानाच्या काउंटरवर उभे असते.

“काका, कूलर एक नंबर आहे,” ते म्हणते. “पण पॉवर बँक जाम तापते हो. तिला लावायला असं काही येतं का?”